दादा, खांदा सुटला! फोमच्या चिलखताचे पट्टे आणि ते अंगावर चढवण्याची कटकट

आमच्या गल्लीच्या सजीव देखाव्यात मी कधी रंग फासून उभा राहिलो नाही. माझी जागा ट्रॉलीच्या मागं, जनरेटरच्या शेजारी. वैशाखातली शिवजयंती झाली की बेळगावात चित्ररथांची रात्र येते, आणि त्या रात्री वरून दर अर्ध्या तासानं एकच हाक यायची, "दादा, खांदा सुटला!" कधी बाजीप्रभूंचा सुटायचा, कधी आदिलशाही सरदाराचा. संवाद रेकॉर्डिंगवर चालू, लोक मोबाइल वर धरून उभे, आणि आमचा सरदार एका हातानं तलवार परजतोय नि दुसऱ्या हातानं स्वतःचाच खांदा धरून बसलाय.

दरवर्षी आम्ही जास्त गोंद लावायचो आणि दरवर्षी पट्टा त्या जास्तीच्या गोंदासकट सुटायचा. गेली तीन वर्षं ती हाक जवळजवळ बंद आहे, म्हणून हे लिहून ठेवतोय. फोम कापायचा कसा, तापवून वळवायचा कसा, रंग कसा मारायचा याचे व्हिडिओ ढिगानं आहेत. पण व्हिडिओतलं चिलखत फोटोपुरतं घालून काढायचं असतं. आमचं संध्याकाळी सातला चढतं आणि पहाटे उतरतं. मध्ये ट्रॉलीचे गचके, प्रत्येक चौकात तीच लढाई नव्यानं, उन्हाळ्याचा घाम, आणि नशीब फिरलं तर वळीव.

एक गोष्ट आधीच सांगतो. साध्या मावळ्याच्या छातीवर पत्रा चढवू नका. त्याला अंगरखा, मुंडासं, कमरेला शेला आणि पाठीला ढाल, एवढं पुरे. चिलखत सरदाराला, फार तर त्याच्या मागच्या दोघांना. काम अर्धं होतं आणि देखावाही खरा दिसतो. त्या काळी साखळ्यांच्या चिलखतावरून ‘चार-आईना’ बांधत. चार पत्रे: एक छातीला, एक पाठीला, दोन काखेखाली दोन्ही बाजूंना, आणि ते चामड्याच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले. आम्ही आधी रोमन सेनापतीसारखी एकसंध छाती करायचो, ती दिसायलाही उपरी आणि घालायलाही वाईट. चार तुकड्यांची रचना फोमलाही फार सोयीची पडते, ते पुढं येईलच.

पट्टा सोलून का निघतो

आमची जुनी पद्धत अशी. छातीला १० मिलिमीटरचा ईव्हीए फोम, चपलांच्या तळाला असतो तसला. त्याच्या आतल्या बाजूला दोन इंच निवार चिकटवायची, खांद्यावरून मागं न्यायची, पाठीच्या तुकड्याला आतून तशीच चिकटवायची. वाळल्यावर दोन्ही हातांनी खेचून बघायचो. निघायची नाही. सगळे खूश. आणि मिरवणुकीत मारुती गल्ली गाठेपर्यंत पट्टा हातात.

याचं उत्तर मला फोमवाल्यानं दिलं नाही, एका चप्पल शिवणाऱ्या मामांनी दिलं. ते मूळचे अथणीकडचे. मी पट्ट्याला रिव्हेट मारून घ्यायला चिलखत घेऊन गेलो होतो. त्यांनी ते उलटसुलट केलं आणि म्हणाले, "हे काय केलंयस गा? चपलेचा अंगठा कधी वरनं चिकटवतात काय?"

कोल्हापुरी चप्पल हातात घेऊन बघा. तिचे कान, म्हणजे बाजूच्या पाकळ्या, तळाच्या दोन थरांमध्ये घालून शिवलेले असतात. पाऊल वर ओढतं तेव्हा ती ओढ गोंदावर येतच नाही, अख्ख्या तळावर येते. आमच्या चिलखतात मात्र सगळी ओढ गोंदाच्या एका काठावर येत होती. आम्ही खेचून बघायचो ते पट्टा फोमला समांतर धरून. तसा खेचला तर चिकटवलेली सगळी जागा मिळून जोर धरते. अंगावर घातल्यावर पट्टा वर जाऊन लगेच मागं खांद्यावर वळतो, म्हणजे फोमपासून लांब जातो. मग जोर सगळ्या जागेवर पडत नाही, फक्त वरच्या काठाच्या एका रेषेवर पडतो. ती रेष सुटली की खालची, मग तिच्या खालची. भिंतीवरचं जुनं पोस्टर कोपऱ्यातून धरून आपण कसं काढतो, तसंच. गोंद दुप्पट केला तरी एका वेळी जोर झेलणारी रेष तेवढीच राहते.

तर आता आम्ही असं करतो. जुनी जीन, कॅनव्हास किंवा रेक्झिन यांचा तळहाताएवढा तुकडा घ्यायचा. त्यावर पट्ट्याची शेपटी, चांगली चार बोटं लांब, चौकोनात आणि मध्ये फुली मारून शिवून घ्यायची. हे मोच्याकडून किंवा बॅग शिवणाऱ्याकडून करून घ्या, घरच्या मशिनची सुई मोडते. फोमच्या वरच्या काठापासून तीन सेंटीमीटर खाली पट्ट्याच्या रुंदीएवढी आडवी चीर द्यायची. चिरेच्या दोन्ही टोकांना पंचनं गोल भोक पाडायचं. हे भोक विसरू नका, नुसती चीर टोकातून फाटत जाते आणि गोल भोकापाशी फाटणं थांबतं. मग कापडाचा तुकडा आतून फोमला चिकटवायचा. शेपटी खाली, पट्टा चिरेतून बाहेरच्या बाजूला काढायचा आणि तिथून वर खांद्याकडे. आता पट्टा कितीही मागं वळू दे, जोर चिरेच्या वरच्या फोमवर दाबाच्या रूपात येतो. आतला गोंद फक्त समांतर ओढ झेलतो, आणि त्यात तो पक्का असतो.

बाहेरून तो पट्टा दिसतो, अशी तक्रार आमच्या रंगाऱ्यानं केली होती. दिसू दे. खऱ्या चार-आईन्याचे पट्टेही दिसायचेच. तपकिरी रंग मारा, पितळी बकल लावा, शोभतो.

रिव्हेट, ज्याला कारागीर ‘रिपिट’ म्हणतात, तो मारायचा असेल तर फोमच्या दोन्ही बाजूंना मोठा वायसर हवाच. नुसता रिव्हेट मऊ फोममधून आरपार निघून येतो आणि मागं रुपयाएवढं भोक ठेवतो. वायसर नसेल तर चामड्याच्या दोन गोल टिकल्याही चालतात.

गोंदाविषयी थोडकं

ग्लू गननं पट्टे चिकटवू नका. सजावटीची फुलं, कडेची नक्षी, तिथं ठीक. गरम करून लावलेला गोंद पुन्हा गरम झाला की पुन्हा मऊ होतो, यात त्याचा काही दोष नाही. एका वर्षी आम्ही सगळं तयार चिलखत दुपारभर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. संध्याकाळी दार उघडलं तर एक दस्ताना, म्हणजे मनगटावरचा तुकडा, उलगडून पुन्हा सपाट पडलेला. बंद गाडीत ठेवलं तरी तेच होतं.

चपला चिकटवायचं पिवळं सोल्यूशन वापरा. फोमला आधी पॉलिश पेपर मारून चकाकी घालवायची. दोन्ही बाजूंना पातळ थर, फोमवर आणि कापडावर, दोन्हीकडं. मग दहा-पंधरा मिनिटं हात बांधून बसायचं. बोट लावल्यावर बोटाला येत नाही असं झालं की मग जोडायचं, आणि जोडताना एकदाच, नीट, कारण नंतर सरकवता येत नाही. बहुतेकांची चूक इथंच होते. ओलं असतानाच चिकटवतात आणि मग आतला ओलावा बाहेर पडायला जागा राहत नाही. जोडल्यावर दाबून रात्रभर ठेवा. मिरवणुकीच्या दिवशी दुपारी चार वाजता चिकटवलेला पट्टा रात्री नऊला सुटला तर मला हाक मारू नका. आणि हे काम मोकळ्या हवेत करा, वास डोक्यात जातो आणि ते पेटतं. जवळ बिडी, दिवा, उदबत्ती काही नको.

व्हेल्क्रो, आणि आपोआप सैल होणारा पट्टा

पाठीला चिकटपट्टी असलेला व्हेल्क्रो फोमवर टिकत नाही. घाम लागला की चिकटपट्टीच निघते, मग व्हेल्क्रोचे दोन्ही भाग एकमेकांना घट्ट आणि चिलखताला कुणीच नाही. व्हेल्क्रो कापडी पट्टीवर शिवून घ्या आणि ती पट्टी सोल्यूशननं लावा. तरीही वजन धरायला व्हेल्क्रो नको. तो उघडायचाच मुळी सोलून असतो, मग जिथं ओढ सोलणारी आहे तिथं तो कसा टिकेल? मनगटाला, पोटरीला ठीक आहे, तेही तीन इंच तरी एकमेकांवर चढला पाहिजे. शिवाय शेल्याचे, मुंडाशाचे धागे त्याच्या काट्यांत अडकून दोन-तीन तासांत तो बोथट होतो. आणि आवाज! शिवा काशीदांचा शेवटचा प्रसंग, सगळा चौक चिडीचूप, आणि त्यात कुणाच्या तरी हाताचा ‘चर्रर्र’.

पट्टा शिवलेला शाबूत आहे, बकलही शाबूत, तरी तासाभरात सैल पडतो, ही वेगळी तक्रार. तीन दांड्यांचं प्लॅस्टिकचं बकल उलटं ओवलेलं असतं, हे निम्म्या वेळा कारण. ओवल्यावर मोकळं टोक ओढलं की घट्ट झालं पाहिजे आणि वजनाचा भाग ओढला तर जागचं हलता कामा नये. हलत असेल तर उलटं आहे. दुसरं कारण, बकल दीड इंचाचं आणि पट्टा एक इंचाचा. पट्टा तिरपा होतो आणि सरकतो. तिसरं, गुळगुळीत नायलॉन. दप्तराला तो चालतो कारण दप्तराचं वजन त्याला सतत ताणून धरतं. चिलखत हलकं, त्यामुळं ताण येतो-जातो आणि प्रत्येक गचक्याला पट्टा केसभर सरकतो. सुती निवार खरखरीत, ती धरून ठेवते. नायलॉनच वापरायचा असेल तर टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करा आणि माप पक्कं झाल्यावर बकलच्या मागं दोन टाके घाला. मला स्वतःला भोकांचा चामडी पट्टा आणि साधं काट्याचं बकल सगळ्यात आवडतं. ते सरकूच शकत नाही, आणि अंधारात नुसत्या बोटांनी कळतं की लागलं की नाही.

खांद्याच्या ढाली, म्हणजे मूळ दुखणं

आता ज्या हाकेनं सुरुवात केली तिथं येतो. खांद्यावरचे ते अर्धगोल तुकडे, आम्ही त्यांना ढालीच म्हणतो. पट्टा व्यवस्थित ओवून, शिवून, चिकटवून झाला, तरी पहिल्या वर्षी खांदे सुटलेच. छातीचे पट्टे पक्के राहिले, ढाली मात्र लोंबल्या. तेव्हा कळलं की पट्टा पक्का असून भागत नाही, तो कुठं लावलाय हेही बघावं लागतं.

आमच्या ढाली तीन ठिकाणी बांधलेल्या होत्या: पुढं छातीला, मागं पाठीला, आणि खाली दंडाला घट्ट. उभं राहिलं की झकास. तलवार उगारली की काय होतं बघा. दंड वर जातो, दंडाला बांधलेली ढाल त्याच्याबरोबर वर जाते, ढालीला बांधलेली छाती तिच्याबरोबर वर जाते आणि गळ्याला येऊन टेकते. माणूस घुसमटतो, जोर लावतो. मग जे सगळ्यात कच्चं असेल ते तुटतं. एका रात्रीत बाजीप्रभू किती वेळा हात उगारतात हे मोजा. घोडखिंडीचा प्रसंग म्हणजे हात खाली कमी आणि वरच जास्त!

ढाल छातीला किंवा पाठीला बांधायचीच नाही. खांद्यावरून जो पट्टा जातो, त्या पट्ट्यावर तिला एका ठिकाणी टांगायची, मानेच्या बाजूच्या काठाजवळ, दोन बोटं रुंद चामड्याच्या वादीनं. ती वादी बिजागरी झाली. दुसरा बंध दंडाला, तो सैल इलॅस्टिकचा, फक्त ढाल फडफडू नये एवढ्यापुरता. दंडाचं माप घेताना हात दुमडून, दंड फुगवून घ्या. हात सरळ ठेवून घेतलेलं माप मिरवणुकीत हात बधिर करतं. इलॅस्टिक त्या मापाच्या पाऊणपट कापलं की पुरतं. आता हात वर गेला की ढाल वादीवर फिरते, छाती जागची हलत नाही.

ढाल वर जाऊन गालावर आपटत असेल तर ती मानेच्या फार जवळ आली आहे. बोटभर बाहेर सरकवा किंवा आतला काठ कापा. सगळ्यात चांगलं म्हणजे ढाल एकसंध न करता तीन पट्ट्यांची करायची, कौलांसारखी एकावर एक चढलेली, आतून दोन सुती निवारींवर चिकटवलेली. हात वर गेला की पट्ट्या एकमेकींत सरकतात. मेहनत जास्त आहे. मुख्य पात्रापुरती करा, बाकीच्यांना एकसंधच राहू दे.

खांद्यावरून पट्टाच घसरत असेल तर तो मानेपासून लांब आहे. मानेच्या मुळापासून चार बोटं, त्याच्या बाहेर नको. तरी घसरला तर पाठीवर दोन्ही पट्टे फुलीसारखे नेऊन उलट बाजूला बांधा.

छाती गळ्याशी येते

याचं कारण नव्वद टक्के वेळा पट्ट्यात नसतं, कापण्यात असतं. मुलं छाती बेंबीच्या खाली, कमरेच्या हाडापर्यंत कापतात, कारण उभं राहिल्यावर ती भारदस्त दिसते. मग ट्रॉलीच्या कडेला बसलं की खालचा काठ मांडीवर टेकतो आणि वरचा गळ्यात. छाती बेंबीच्या दोन बोटं वर संपली पाहिजे. खालचं पोट झाकायला वेगळ्या झालरी करा आणि त्या कमरपट्ट्याला लटकवा. चिकटवायच्या आधी, रंगाच्या तर कितीतरी आधी, कच्चं चिलखत सुतळीनं बांधून त्या माणसाला खुर्चीवर बसवा, वाकून चप्पल घालायला लावा, दोन्ही हात वर करायला लावा. आणि हे त्याच माणसावर करायचं. आमच्याकडं मापाला एकजण येतो आणि मिरवणुकीत त्याचा भाऊ उभा राहतो.

छाती बसताना नाही, चालतानाच मागं ओढली जाऊन गळा आवळत असेल तर पाठीवर काहीतरी जड लटकवलंय. बघा, लढाईची ढाल असेल, खांद्याची नव्हे. ढालीला तिचा स्वतःचा तिरका पट्टा द्या, थेट अंगावरून. चिलखताला टांगू नका. बाजूचे पट्टेही सैल असतील. ते कमरेच्या बारीक भागाला घट्ट बसले की अर्धं वजन कमरेवर येतं आणि खांद्यांवरचा भार हलका होतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही बेलवडीच्या मल्लम्मांचा देखावा केला. बैलहोंगलकडची राणी, आपल्याच जिल्ह्यातली, तरी आमच्या गल्लीत तिचा देखावा पहिल्यांदाच. मी मुलग्याच्या मापाची छाती त्या मुलीला दिली आणि ती दहा मिनिटांत म्हणाली, "काका, श्वास घेता येईना, आणि काखेत सगळं उघडंच पडलंय की!" बरोबर होतं. सपाट फोम पुढं दाबतो आणि बाजूला उघडा पडतो. पट्टे आणखी आवळले तर दोन्ही वाढतं. तिथं चार-आईन्याचे बाजूचे दोन तुकडे कामाला आले. छातीचा तुकडा अरुंद केला, हीट गननं गोलाई दिली, काखेखाली दोन वेगळे तुकडे आणि डावी-उजवीकडं प्रत्येकी दोन पट्टे, वरचा सैल, खालचा घट्ट. तिला चिलखत चढवायला तिची मावशी ट्रॉलीवर आली होती. हेही आधीच ठरवा. ऐन वेळी पोरगी कुणाला हाक मारणार?

त्यानंतर सगळ्यांनाच बाजूचे तुकडे करतो. एका चिलखतात दोन-तीन इंचांचा फरक असलेली माणसं मावतात.

पायांचं थोडक्यात: मांडीचा तुकडा पट्टा आवळून वर राहत नाही. मांडी खाली निमुळती आहे, कितीही आवळा, तो गुडघ्यावर येणारच. त्याला कमरपट्ट्यावरून टांगा. पोटरीचा तुकडा पोटरीच्याच फुगीर भागावर बसतो, त्याला वर आणि घोट्याजवळ इलॅस्टिक पुरे.

चढवायचं कसं

बहुतेक तुकडे मिरवणुकीत तुटत नाहीत, चढवताना तुटतात. घाईत कुणीतरी ढाल धरून खेचतो. आमचा क्रम ठरलेला आहे आणि तो खालून वर जातो. पूर्वीचे शिलेदारही तसंच करत असावेत असं म्हणायचा मोह होतो. युरोपातल्या सरदारांचं चिलखत पायांपासून वर चढवत, हे मात्र नक्की. कारण साधं आहे. छाती चढल्यावर वाकता येत नाही.

म्हणून आधी पोट भरून खाणं आणि लघवी. हसू नका. भावे चौकात रांगेत दोन-दोन तास उभं राहावं लागतं, आणि एका सरदाराला ऐन गर्दीत खाली उतरवून एका ओळखीच्या घरात नेलं तेव्हा त्याचं कमरेखालचं सोडायला तिघे लागले होते. झालरी पुढं एकाच क्लिपेवर ठेवा म्हणजे छातीला हात न लावता सुटतात.

अंगात आधी सुती बंडी. फोम घाम शोषत नाही, उघड्या अंगावर तो चिकटतो आणि काखेत सोलतो. मग सुरवार, पायातलं, पोटरीचे तुकडे, कमरपट्टा, त्याला मांडीचे. मग छाती-पाठ. एका बाजूचे पट्टे आम्ही कायमचे लावलेले ठेवतो आणि दुसरी बाजू उघडी, पुस्तकासारखं उघडून अंगावर घ्यायचं, डोकं घालायचं आणि एकाच बाजूला बंद करायचं. उजव्या हाताच्या माणसाला बंद डाव्या बाजूला द्या. उजवा हात अंगावरून डावीकडं सहज पोचतो, म्हणजे अडीअडचणीला तो स्वतः सोडवू शकतो. पाठीवर मधोमध नाडी बांधणारं चिलखत दिसतं छान, पण त्याला नोकर लागतो. मग खांद्याच्या ढाली, मग दंड, मग मनगटाचे दस्ताने. जिरेटोप किंवा शिरस्त्राण सगळ्यात शेवटी, ट्रॉलीवर चढून झाल्यावर. दस्ताने आधी घातले तर बोटं बकल लावू शकत नाहीत, हे दरवर्षी कुणीतरी नव्यानं शिकतो.

पहिल्यांदा आवळताना खोल श्वास घ्यायला सांगा आणि मग बंद करा. पोरं पोट आत ओढून उभी राहतात, कंबर बारीक दिसावी म्हणून. अर्ध्या तासानं चेहरा पांढरा पडतो.

घामाविषयी: पाठीच्या तुकड्याला आतून बोटभर जाडीच्या फोमच्या तीन उभ्या पट्ट्या चिकटवा, अंग आणि चिलखत यांच्यात हवा खेळते. सरदाराला दर तासाला पाणी देणं हे मी एका माणसाचं कामच ठरवून टाकलंय. चक्कर येतेय म्हणाला की आधी बाजूचे पट्टे सोडायचे, देखावा नंतर.

वळिवाचा इलाज माझ्याकडं नाही, पण एक नुकसान टाळता येतं. पांढऱ्या लाकडी गोंदाचे थर देऊन फोम कडक केला असेल तर तो पावसात पुन्हा दुधाळ होऊन बोटाला येतो. वरून वॉर्निशचा हात हवाच. सुती निवार भिजली की आवळते, तेव्हा पाऊस येऊन गेल्यावर प्रत्येकाचं एक भोक सैल करायचं.

खिशात काय

जाड सुई आणि मेण लावलेला दोरा. मोठ्या सेफ्टी पिना डझनभर. काळी आणि तपकिरी कापडी चिकटपट्टी. दप्तराच्या दोन क्लिपा, हातभर निवार, कात्री. सोल्यूशनची ट्यूब नेत नाही, कारण वाळायला वेळ कुठं असतो? रस्त्यात सुटलेला पट्टा चिकटवायचा नसतो, पिनेनं बंडीला टोचायचा असतो. बंडीला, फोमला नाही. फोमला टोचलेली पीन पुढच्या गचक्याला फाडून बाहेर येते. रामलिंगखिंड गल्लीच्या चढावर एकदा मी अख्खी ढाल चार पिनांवर पहाटेपर्यंत तगवली आहे.

उतरवताना उलटा क्रम, आणि उतरवलेलं एकमेकांवर रचून ठेवू नका. फोम दबला की दबलेलाच राहतो. ओल्या फडक्यानं आतून पुसायचं, सावलीत वाळवायचं, उन्हात नको. मग सगळे पट्टे सैल सोडून जाड हँगरवर टांगायचं. इलॅस्टिक दरवर्षी नवं. ते स्वस्त आहे आणि वर्षभरात ढिलं पडतंच.

आणि प्रत्येक पट्ट्याच्या आतल्या बाजूला मार्करनं पात्राचं नाव आणि भोकाचा आकडा लिहून ठेवतो. यंदाचे बाजीप्रभू तिसऱ्या भोकावर होते. आता त्यांचं लग्न ठरलंय, म्हणून पुढची दोन भोकं मी आत्ताच पाडून ठेवली आहेत.